दार त्या दिवसापुरते परत लावावे

मी, रत्नाबाई, कै. जयसिंग कोंडिबा वाळंज यांची पत्नी, वय अदमासे पंचेचाळीस, राहणार कोळवण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीचे दुखणे आता बरे होणार नाही, असे पौडच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. डोके ठिकाणावर आहे. लिहावे म्हणून कोणी धाक घातलेला नाही; लिहू नये म्हणून घातला आहे.

जन्मल्यावर घरच्यांनी मला मुलगा समजून नाव ठेवले. ते नाव येथे लिहीत नाही, माझ्यामागेही कोणी लिहू नये. लहानपणीच मला देवीला सोडले. लुगडे नेसून, देवीचा जग, म्हणजे तिच्या मुखवट्याची परडी, डोक्यावर घेऊन मी पौडच्या बाजारात जोगवा मागत असे. तेथे मालकांनी मला पाहिले. ते लाकडाच्या वखारीची मालमोटार चालवीत. माझ्या गुरू तुळजाबाई यांच्या समक्ष, देवळात, त्यांनी माझ्या गळ्यात मंगळसूत्र बांधले. पिरंगुटच्या घाटात मोटार उलटून ते जाईपर्यंत आम्ही संसार केला.

१. राहते घर मला देता येत नाही. मी त्यांची बायको ठरले असते तर देता आले असते. ते धाकटे दीर भिकू यांनी घेतल्यातच जमा आहे.

२. देवीचा जग आणि तांब्याची घागर तुळजाबाईंना द्यावी. शेळी भिकूभावोजींच्या बायकोला, कमळला. तिचे माझ्याशी वैर नाही.

३. मालकांची नुकसानभरपाई. कामावर मेलेल्याच्या विधवेला ती मिळते, म्हणून मी अर्ज केला. वखारवाले म्हणाले, ही बायको नव्हेच. लग्नाचा कागद मागितला. आमच्या गावात कोणाच्याच लग्नाचा कागद नाही. गाव सांगते तेच लग्न. गावाला विचारले तर पारावरची सगळी मंडळी म्हणाली, "आमाला काय म्हाईत न्हाई."

चौकशीत साहेबांनी विचारले, "नवऱ्याचे नाव सांगा." नवऱ्याचे नाव मी आयुष्यात कधी तोंडाने घेतले नव्हते. पदर सावरला. "अहो, बोला!" तेव्हा म्हटले, "धाकट्या दिरांना विचारा, ते हितंच हायेत." सगळे हसले. भावोजीही हसले. कारकुनाने लिहून घेतले, अर्जदारास मयताचे नाव सांगता आले नाही. अर्ज फेटाळला. वर मी ते नाव लिहिले आहे. लिहितानाही हात थांबला.

फेरअर्ज केला, तर अंगाच्या तपासणीचा डॉक्टरी दाखला मागितला. मी गेले नाही. अर्जदार मेला की अर्ज मेला, असे कारकून सांगतो. तरीही माझ्यामागे निकाल लागलाच, तर पैसे तुळजाबाईंनी घ्यावेत. कागदावर 'पत्नी' हा शब्द आहे का, तेवढे वाचून घ्यावे. नसला तरी पैसे घ्यावेत. त्या फार थकल्या आहेत.

४. घराचे दार. मालक गेल्यावर भावोजींनी ते बिजागऱ्यांसकट काढून नेले. "बायको न्हाईस, तर दार कशाला पायजे तुला?" असे म्हणाले. ते आता त्यांच्या गोठ्याला आहे. माझ्या चौकटीला घोंगडी आहे.

भावोजींनी चारचौघांत सांगून ठेवले आहे, "मेल्यावर गडीमाणसंच आंघुळ घालतील. धोतरात नेऊ. गावाला एकदा दिसू दे काय हाय ते." तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. जिवंतपणी मी डॉक्टरापुढे उभी राहिले नाही. मेल्यावर मला पदर सावरता येणार नाही.

म्हणून माझी अंघोळ बायकांनी घालावी, दाराआड. लुगडे नेसवावे, वरून मालकांचा खाकी कोट घालावा. मालकांना नेले तेथेच मला न्यावे.

सदर दार मी या मृत्युपत्राने भिकूभावोजींना देत आहे, म्हणजे ती चोरी राहणार नाही. अट एवढीच की त्या दिवसापुरते ते चौकटीला परत लावावे. नेसवून झाले की काढून न्यावे. भावोजी, कमळच्या बाळंतपणात तिला न्हाऊ-माखू मीच घातले होते. तेव्हा तुम्ही मला वैनी म्हणत होता. हात जोडते. दुसरे काही मागत नाही.

स्थळ: कोळवण. तारीख: ११ जानेवारी १९६२.

सही: रत्नाबाई जयसिंग वाळंज

साक्षीदार:

१. कान्हू भागूजी शेडगे, सही. (आम्हांसमक्ष सही केली.)

२. गोजराबाई गेणबा शेडगे, राहणार शेजारी, डाव्या हाताचा अंगठा. आपले म्हणणेही लिहावे असा त्यांचा हट्ट पडला, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिले आहे:

"जयसिंग गेला तवा हिच्या बांगड्या मी फोडल्या. कुकू मी पुसलं. सारं गाव उभं ऱ्हाऊन बगत हुतं, येकानंबी मला आडवलं न्हाई. बायको नव्हती, तर मी कुणाच्या फोडल्या? आंघुळबी मीच घालीन. दार न्हाई लावलं, तर आमी बाया दारात गावाकडं पाठ करून उभ्या ऱ्हाऊ."