चूल जागेवरच राहते

प्रिय तीखोन,

तुमचं मासेमारीचं जहाज मुर्मान्स्कच्या बंदराला लागेल तेव्हा हे पत्र तिथे तुझी वाट बघत पडलेलं असेल. आधी घराची बातमी सांगते. तळातला ओंडका बदलायचा म्हणून येव्सेयकाकांनी अखेर आपलं ओंडक्यांचं घर उचललं. तो किती कुजला होता म्हणून सांगू! काकांनी कुऱ्हाडीचा दांडा टेकवला तर तो आतच रुतला. वरचे ओंडके मात्र खणखणीत आहेत. हे घर बांधताना पणजोबा झाड पाडलं की त्याच्या उत्तरेच्या अंगावर खूण करायचे आणि तेच अंग भिंतीत बाहेर ठेवायचे, थंडी सोसून ते आधीच घट्ट झालेलं असतं म्हणून. टोकंसुद्धा कुऱ्हाडीनंच तोडलेली, कारण करवतीनं कापलेलं लाकूड पाणी पितं. काका प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवत होते. शेवटी वैतागून म्हणाले, "मेल्यानं एक फट ठेवली नाही कुठे. नाव ठेवायला जागा नको का माणसाला?"

आईला तेवढ्यापुरतं शेजारी न्यायचं ठरलं होतं. बर्फ वितळल्यापासून ती आपल्या त्या खोलीभर विटांच्या चुलीच्या माथ्यावर, छताखाली, उबेला घातलेल्या अंथरुणातून फारशी उतरतच नव्हती. तुला हे कळवलं नाही, कारण तिनं कळवू दिलं नाही. ती म्हणाली, "ज्या घरात मी नवरी म्हणून आले, ते उचलताना शेजारणीकडे चहा ढोसत बसू होय?" काका म्हणाले, राहू दे. चुलीचा पाया वेगळा असतो, घर उचललं तरी चूल जागेवरच राहते. त्यांनी धुराड्याभोवतीच्या फळ्या सोडवल्या, जॅक लावले आणि घर कुरकुरत उठलं. मी आतच उभी होते. पायाखालच्या फळ्या, भिंती, खिडक्या आणि मी, सगळं वीतभर वर गेलं. आई तिथेच राहिली. छत वर गेलं तशी ती हसली. "बरं झालं बाई, जन्मभरात एकदा तरी डोकं न आपटता उठून बसता येईल." मग खिडकीकडे बघून म्हणाली, "नदी गेली की गं. नुसतं आभाळ राहिलं." मी म्हटलं, नवा ओंडका बसला की घर खाली येईल, मग नदीही येईल.

घर टेकवायच्या आधी प्रत्येकानं आपल्या कोपऱ्याखाली लोकर ठेवायची, ही आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. घराची ऊब टिकते म्हणतात. आईनं चुलीवर बसल्या बसल्या लोकर पिंजून पुंजके केले. बाबांचा त्यांच्याच जुन्या मोज्यातून उसवला. बाबा आता नाहीत, आईला उतरवत नव्हतं, म्हणून त्या दोघांचा आणि माझा मी ठेवून आले. तुझा मात्र तिनं उशाशी ठेवला. काका म्हणाले, "अहो वहिनी, लोकर ती लोकर. कुणी ठेवली म्हणून काय बिघडतं?" आई म्हणाली, "त्यानं ठेवली नाही तर घर त्याला ओळखणार कसं? भावजी, तुम्ही आपले ओंडके बघा."

नवा ओंडका बसला त्या आठवड्यातच एका सकाळी लापशी घेऊन गेले, तर आई गेलेली होती. जहाजावर तार करू नकोस, असं तिनं मला आधीच बजावलं होतं. "समुद्रात कुठे जाऊन रडेल तो?" म्हणाली होती. बाबांच्या शेजारी तिला पुरून आलो. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. माणसं येतात, मी मासे भरून भाजलेली रोटी वाढते, बशा धुते, पुसते. बधिर झालेय नुसती. घर अजून जॅकवरच आहे. काका रोज येऊन म्हणतात, "पोरी, जमीन गोठायच्या आत टेकवायला हवं गं." मी म्हणते, तीखोन येऊ दे, त्याची लोकर राहिलीय. पण तुला खरं सांगते, लोकर हे निमित्त आहे. घर खाली आलं की खिडकी पुन्हा चुलीसमोर येईल, नदी दिसायला लागेल, आणि बघायला तिथे आई नसेल. मला एकटीला ते बघवणार नाही. म्हणून हे पत्र. जहाजावरून उतरलास की तडक ये.

तुझीच,
ग्लाफीराताई