सरांच्या नावाचं खातं

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी मात्र इंटरनेटवर तुमच्या नावानं एक खातं चालवून राह्यले. आधीच सांगते, रागावू नका, वाईट हेतू बिलकुल नव्हता. परतूर तालुक्यातल्या ज्वारीच्या जुन्या वाणांवरचा तुमचा प्रबंध आपल्या अंबडच्या कॉलेजात एकाच प्रतीत उरला होता, तोही कसर लागलेला. मी तुमची विद्यार्थिनी, आणि आता तिथली लायब्ररियन. मला बघवेना. एका सुट्टीत पान न पान स्कॅन केलं आणि संशोधक मंडळी एकमेकांना भेटतात अशा एका कंपनीच्या साइटवर टाकलं. साइट विचारते, लेखक कोण? मी तुमचं नाव लिहिलं. मंग विचारते, ते तुम्हीच का? ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढं जाईना. म्हटलं, हो. झालं! तुम्ही फोटोसकट जिवंत झालात.

पहिल्याच महिन्यात तुम्हाला तीन पत्रं आली. कुणी गूळभेंडी वाणाबद्दल विचारलं, कुणी दगडी वाणाबद्दल, एकानं नुसतेच आभार मानले. मी तुमच्या नावानं उत्तरं दिली, तुम्ही द्यायचात तशीच तुटक. एवढ्यावर थांबायचं ना? पण मी जुन्या जालन्यात तुमच्या घरी जाऊन ती पत्रं काकूंना वाचून दाखवली. काकूंनी आधी चष्मा पुसून लावला, जणू त्यांनाच वाचायचं होतं. “अगं बाई, अजून विचारतात लोक ह्यांना?” तेव्हापासून दर रविवारी जाते. त्या चहा ठेवतात आणि पाणी उकळायच्या आधीच विचारतात, “आलं का पत्र?”

घोळ सुरू झाला तो परतूरकडच्या आष्टीच्या एका शिक्षिकेच्या फोनमुळं. कॉलेजातून माझा नंबर घेऊन बोलली. “मॅडम, सरांच्या प्रबंधात माझ्या आजीनं सांगितलेली नावं हायेत. ती साइट पहिलं पान दाखवती अन् मंग म्हणती खातं उघडा, संस्थेचा मेल द्या. आमच्या शाळेला कुठला आलाय मेल?” मी म्हटलं, झेरॉक्स पाठवते. तर बाई चिडलीच. “माझ्या एकटीपुरतं कशाला? आजीनं साऱ्या गावासमोर सांगितलं, मंग गावाला दिसायला नको? तिला अजून ऐकू येतंय, तवर जल्दी करा काहीतरी.”

ती आजी मला चांगली आठवते. टाइप केलेली पानं विद्यापीठात देण्याआधी, ज्यानं माहिती सांगितली त्याला वाचून दाखवायची, ही तुमची रीत. बाकीचे प्राध्यापक हसायचे. आपण त्यासाठी आष्टीला गेल्तो. बाया ओसरीवर बसल्यात, तुम्ही वाचून राह्यलात, आणि मी तुम्हाला लिहून दिलेल्या पानावर येता: ‘एका वृद्ध महिलेच्या सांगण्यानुसार’. तुम्ही थांबता. “एका? ही बाई काय तुला रस्त्यात सापडली? नाव लिही.” साऱ्यांसमोर! मी रडकुंडीला आले, आणि ती म्हातारी पदरात तोंड लपवून हसत होती. तुमचा इतका राग आला होता की परत येताना बसमध्ये मी मुद्दाम शेवटच्या सीटवर जाऊन बसले.

आता विद्यापीठाचं स्वतःचं ऑनलाइन भांडार आहे. तिथं खातं लागत नाही, मेल लागत नाही, आष्टीतल्या साध्या फोनवरही उघडतं. पण तिथून कुणाला पत्र लिहिता येत नाही. तिथले साहेब म्हणाले, “वारसाची सही आणा. अन् आधी ते खोटं खातं बंद करा, मॅडम. तिकडं सर उत्तरं देऊन राह्यले अन् इकडं आम्ही वारसाची सही लावायची का?” बराबर बोलले. मी फॉर्म काकूंपुढं ठेवला. त्यांनी पेन घेतला, मंग विचारलं, “खातं बंद झालं की ह्यांना पत्रं येणार न्हाईत ना?” मी म्हटलं, न्हाई. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मंग राहू दे थोडे दिवस.”

काय करू, सर? आष्टीला म्हातारी वाट बघते, जालन्यात काकू वाट बघतात, आणि मधे मी पर्समध्ये फॉर्म घेऊन हिंडते. एकीचं ऐकावं तर दुसरीचं मन मोडतं. तुम्हाला विचारावं म्हणून त्या साइटवरच हे लिहायला बसले, पण पाठवलं तर माझ्याच फोनवर येणार. काय हा वेडेपणा! तेव्हा हे पाठवत नाही.

आणि एक राहिलं. त्या पहिल्या महिन्यानंतर तुम्हाला एकही पत्र आलेलं नाही. इतक्यांनी बघितलं, तितक्यांनी बघितलं, एवढंच साइट कळवते. रविवारी मी वाचते ती पत्रं मीच लिहिते. परवाच्या पत्रात काकूंच्या तब्येतीची चौकशी केली होती. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.