वरच्या मजल्याचे रेडिएटर

एर्झुरुम, १९ जानेवारी

गुलबेयाझ ताई,

तुझे हात डोळ्यांना लावून सलाम. इकडं सगळे बरे आहेत. बर्फ खिडकीपर्यंत आलाय. आई तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणते, बाबा आले की उशीखाली सरकवते. शाळा सुटल्यापासून मी लिहिलेलं नाही, अक्षराला हसू नको.

घर तापवायचा बॉयलर जरा त्रास देत होता.

जरा नाही, बराच. कोळसा घातला की तळघरात धडधड सुरू. पाईप कुणी हातोडीनं ठोकल्यासारखे वाजायचे, दाबाचा काटा लाल खुणेच्या पुढं. मग बाबा फावड्यानं पेटते निखारे काढून बर्फात टाकायचे. घर गार पडायचं, की पुन्हा पेटवा. पंप बदलला, धुराडं झाडलं. तेच.

शेवटी नाजी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी सगळीकडं हात लावून पाहिलं आणि मला विचारलं, "पोरी, वरच्या खोल्यांतले रेडिएटर गरम होतात ना?"

मी आपलं बाबांकडं बघितलं. तुला माहितीय माझं.

बाबाच म्हणाले, "वर कोणी राहत नाही."

"अहो, नसेल राहत! बॉयलर अख्ख्या घराचा, आणि त्याची ऊब तुम्ही दोन खोल्यांत कोंबताय. ती जाणार कुठं? उघडा वरचे."

"नाही उघडणार."

"बायकापोरींचं घर आहे, जेलालभाऊ. फुटेल एक दिवस."

"पोर एकच आहे मला," बाबा म्हणाले.

ताई, तू पळून लग्न केलंस त्याच दिवशी त्यांनी वरचे सगळे व्हॉल्व बंद केले, जिन्याच्या दाराला कुलूप घातलं. हे तुला लिहायचंच नव्हतं.

आणि सगळे बरे आहेत असं सुरुवातीला लिहिलं, तेही खरं नाही. परवा आई तळघरात गेली आणि बॉयलरमधून उकळतं पाणी उसळलं. उजवा हात आणि गळा भाजलाय. डॉक्टर म्हणतात, भरून येईल. ती दुखतंय म्हणून रडत नाही, मोजा अर्धा राहिला म्हणून रडते.

काल बाबांनी स्वतःच किल्ली काढली. वर गेलो, तर तुझ्या खोलीतला रेडिएटर उभा चिरलेला. आत पाणी गोठून लोखंड फाटलं होतं, फटीतून बर्फ बाहेर आलेला. बाकीचेही तसेच. मिस्त्री म्हणाले, "आता यांत पाणी सोडलं तर घरात पूर येईल. सगळं नवीन बसवेपर्यंत बॉयलर पेटवू नका."

खाली आम्ही शेगडीवर भागवतोय. बाबा मात्र तुझ्या पलंगावर बसलेत, अंगात ओव्हरकोट. मी चहा नेला.

"इथं एवढी थंडी होती होय गं?" म्हणाले.

मी कप पलंगाशेजारी ठेवला. चहा तिथंच गार झाला.

तू ये असं त्यांनी म्हटलेलं नाही. पण तुझं नाव निघालं तर आता उठून जात नाहीत. याचा अर्थ मला लागत नाही. आईचा हात धरता येत नाही, बाबांना हलवता येत नाही. मी कुणाला काय सांगू, ते तरी लिही.

दोन मजल्यांच्या मध्ये, जिन्यात बसलेली,
तुझी नाझिफे