बाईंना घाम का फुटतो

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाचा नोकरीला लागला, वाचून बरं वाटलं. आता माझी रडकथा ऐक.

बावीस वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते आहे. पण दोन महिन्यांपासून भर थंडीत अंगातून वाफा निघतात, छातीपासून कानशिलांपर्यंत भडका उडतो. मग मी काच खाली करते, घाम पुसते, दाराचं हँडल धरून लांब श्वास घेते. शेजारी गाडी चालवणाऱ्याला वाटतं, आपल्यामुळेच बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. परवा शिकायला येणाऱ्या शिंपीमामांनी नीट चाललेली गाडी कडेला घेऊन माझी माफी मागितली. काल बँकेतल्या कॅशियरबाई शिकणं सोडून गेल्या. या तिसऱ्या. मालक म्हणाले, तुमचा धीर सुटलाय, एक तारखेपासून ऑफिसात फॉर्म भरा. खरं कारण सांगायची मला लाज वाटली. गाडीतली जागा गेली तर मी काय करू, ताई?

उत्तर लवकर पाठव. माया आहेच, सल्लाही हवा आहे.
तुझी धाकटी

१९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी पोट धरून हसले, मग डोळे पुसले. अगं, पाळी जाण्याच्या दिवसांतल्या वाफा या. मी तुझ्या नव्या घरी जेवायला आले आणि अर्ध्या ताटावरून उठून गेले, म्हणून तू वर्षभर गाल फुगवून बसलीस ना? तेव्हा माझे कपडे घामाने पाठीला चिकटले होते. त्याच लाजेपायी शाळेतली नोकरी सोडली आणि सगळ्यांना गुडघ्यांचं कारण सांगितलं. ते अजून मनाला लागतं.

डॉक्टरीणबाईंना भेट. सुती कपडे घाल, कॉफी कमी कर, नाहीच भागलं तर त्या औषध देतील. पण मालकांना खरं सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण तुझी मूठ झाकून तुझीच जागा चालली आहे.

लोभ आहे तसाच आहे, तू फक्त मुखदुर्बळपणा सोड.
तुझी ताई

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. मालकांचे कान माझ्याहून लाल झाले. मग हळूच म्हणाले, घरी बायकोशी खिडकी उघडण्यावरून रोज भांडण होतं, त्याचं कारण हे होय? फॉर्म आता तेच भरतात. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आहेत, भडके जरा कमी झालेत. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगते, की मला घाम फुटला तर गाडी चालवत राहा, तुमची चूक झाली तर मी ओरडेनच.

कॅशियरबाईंनाही फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, वाफा त्यांनाही यायच्या, आणि ते ओळखून मी त्यांच्यासाठीच काच उघडते असं वाटून लाजेने त्यांनी शिकणं सोडलं होतं. काल त्या परत शिकायला आल्या आणि आम्ही दोघी सगळ्या काचा खाली करून निघालो. हसता हसता चौकात गाडी बंद पडली, मागून हॉर्न वाजले. त्यांनी न घाबरता ती सुरू केली आणि चौक पार केला.

वर्षभर तुझ्यावर रुसले, ताई, आणि तू एकटीने सोसलंस. त्याची मात्र मला लाज वाटते, आणि ती मी लपवत नाही. तुझी माया अशीच राहू दे.
तुझी धाकटी