घासून लख्ख केलेली टाकी

प्रिय ठमे,

तुझे मासे जिवंत आहेत हे आधी सांगते, नाहीतर पुढचं तू धड वाचायची नाहीस. बाकी शी, काय हे ध्यान पाळलंस! बोटाच्या पेराएवढा जीव, रंग उरलेल्या चहाचा, शेपटीपाशी एक काळा ठिपका, आणि थाट असा की पाणी डोंगरातल्या ओढ्यासारखं गारच हवं. बादल्या वाहून माझी कंबर मोडली. त्यांच्या खाण्याच्या त्या वळवळत्या अळ्या तू फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवून गेलीस, तेव्हापासून मी लोणी सोडलं. हाताचा वास साबणाने जात नाही. त्या डोंगरावरच्या मत्स्यकेंद्रात तुला दिवसभर हे कसं सोसतं, देव जाणे.

परवा एक मादी व्याली. अंडीबिंडी काही नाही, सरळ पोहणारी पिल्लंच. मी चष्मा लावून बघत बसले, म्हटलं चला, घरात काहीतरी चांगलं घडतंय. तर त्या बयेने गर्रकन वळून स्वतःचंच पिल्लू गट्ट केलं. मग दुसरं. मी उठून मोरीत जाऊन चूळ भरली. तिचा तरी काय दोष म्हणा. पिल्लांना लपायला पाणवेलीचा गुंता लागतोच, असं तू बजावून गेली होतीस, आणि तो गुंता बाबांनी आदल्या दिवशी उपटून कचऱ्यात टाकला होता. टाकी घासून लख्ख केली, कारण घरी फरशीवाला येणार होता.

हो, तोच. ज्याच्याशी लग्न करणार नाही म्हणून तू बॅग उचलून गेलीस, तोच. जावई झाला की त्याच्या दुकानात आपल्याला मानाने बसता येईल, हे बाबांच्या डोक्यातून अजून जात नाही. बाबांच्याच वयाचा माणूस, केसांचा कलप कपाळावर ओघळलेला. सोफ्यावर बसून बोटाने दात कोरत होता, आणि कोरून निघालं ते निरखून पुन्हा तोंडात. शी! तेच बोट टाकीत बुडवलं, पाण्यावर तेलाचा तवंग आला. पिल्लांचं काय झालं ते मी सांगितलं, तर म्हणाला, “बरंय की, घरातलं घरातच राहिलं.” आणि बाबा हसले. त्या हसण्याची मला जेवढी किळस आली तेवढी अळ्यांचीही कधी आली नव्हती. एवढी वर्षं ज्यांचे डबे भरले, त्यांच्या शेजारी मला आता जेवायला बसवत नाही.

तो गेल्यावर मी कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. सगळं बुळबुळीत, कुजकं. वेल काढली, धुतली, टाकीत सोडली. उरलेली पिल्लं त्यात शिरली, ती अजून आहेत. बाबा म्हणतात, टाकी घाण दिसते. दिसू दे.

आता मुद्द्याचं. माझा फोन बाबांनी आपल्या खिशात ठेवलाय, म्हणून हे पत्र. कोपऱ्यावरची शिंपीणबाई ते पेटीत टाकेल. आज-उद्या बाबा तुला फोन करतील, रडवेल्या आवाजात, की आईने अंथरूण धरलंय, सारखं तुझं नाव घेतेय, आहेस तशी निघून ये. मी चहा घेऊन गेले तेव्हा बाबा आणि तो फरशीवाला हेच ठरवत होते, आणि मला बघून थांबलेही नाहीत. तुझ्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवून झाली आहे. मला काहीही झालेलं नाही. कालच दोन भरल्या बादल्या जिना चढवल्या. कोणी काही सांगो, येऊ नकोस. फोनवर मी स्वतः ये म्हटलं, तरी येऊ नकोस.

तुझीच,
ठणठणीत आई