विलायती बाटली अन् भैयाजीचं नाक

अन् वरून तू सांगून गेला होता का बाई, ही बाटली दिव्यानीच्या सोयरिकीच्या दिवशीच फोड, पाहुणे खूश होतील. झाले खूश. चि. हेमराजले आशीर्वाद. आम्ही बरे आहो, तुझी तब्येत मंग विचारीन, आधी हे वाच.

परवा मुलाचा बाप, भैयाजी, नदीपल्याडून आले. आमची दिव्यानी पसंत पडली, साक्षगंधाची तारीख काढाचीच बाकी होती. तेवढ्यात तुझ्या भाटव्यानं (माझ्या नवऱ्याले, रामाजीले, अशा वेळी भलताच हुरूप येते) बाटली मांगितली. दिव्यानीनं मले आतमंधी बाटलीवरचं वाचून दाखवलं. स्कॉटलंडची, एकाच भट्टीची, पंचवीस वर्षं लाकडी पिपात मुरलेली, अन् त्या पिपात पहिले शेरी म्हणून द्राक्षाची दारू होती. (पीप धुतलं नाई काय त्यायनं? अन् हे वरून छापाचं?)

मी आधी चमचाभर चाखली. खोटं नाई बोलत, जीभ जळली नाई. पहिले मनुका लागल्या, मंग जुन्या सागवानी पेटीसारखं काहीतरी, मंग छातीत हळूहळू ऊब. पण वास ओळखीचा वाटून राह्यला. चैतात आंगणात मोहफूल सुकते, तसाच. तरी तू सांगितलं तसे पाण्याचे दोन थेंब टाकून पेला बाहेर धाडला.

भैयाजीनं पेला नाकाशी नेला, डोळे मिटले. एक घोट, दुसरा घोट, तिसराही. मंग मले आवाज दिला, "बाई, मोहाची आहे तं मोहाची म्हणून पाजा ना. विलायती बाटलीत भरून काऊन फसवता?" रामाजीनं शपथा घेतल्या, मी झाकण दाखवलं. त्यायचं एकच, जलमभर मोहाचा वास घेतलेल्या नाकाले शिकवू नका. (त्यायच्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून नाकं अशी तयार.) ताट सोडून उठले. बाटली मात्र पुरावा म्हणून घेऊन गेले. तवापासून दिव्यानी माझ्याशी बोलत नाई. ही सोयरीक मोडली तं तुझ्या नावानं. तूच त्यायले फोन करून खरं सांग.

तुझी बहीण,
कमळा

ता. क. फोन करू नको. आत्ताच भैयाजीचा निरोप आला. पुरावा संपला म्हणते. अशी मोहाची जलमात चाखली नाई, राग गेला, साक्षगंध पक्कं. फक्त गाळणारा कोण ते सांगा, लग्नाले त्याच्याच हातची दोन कॅन पाहिजे. आता खरं सांगून व्याह्याचं नाक कापाचं काय? मी सांगून टाकलं, माझा भाऊच गाळते. पीप धुतलेलं नसलं तरी चालते. कवा येतो अन् किती आणतो, बुधवारपर्यंत कळव.