गिझरचं वकीलपत्र

ता. ३ डिसेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. गार पाण्याची आंघोळ करून घालतोय, तेव्हा जरा वाकडा आहे.

वि. वि. माझं आयुष्य गेल्या मंगळवारी सकाळी बदललं, आणि त्या वेळी माझ्या डोक्याला साबण होता. गिझरने एकदा ‘टक्’ केलं आणि नळातून बर्फ यायला लागला. मी अशी बोंब मारली की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने सुई बोटात खुपसून घेतली म्हणे. डोक्यात तिडीक गेली. तसाच शर्ट चढवला आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात भांडायला गेलो. कशाबद्दल भांडणार होतो ते विचारू नकोस, गिझर त्यांच्याकडचा नव्हताच.

भांडण झालंच नाही. काउंटरमागे ती होती. तिने मला गिझर म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं. टाकी, कॉईल, थर्मोस्टॅट, सगळं. सांगताना सारखी माझ्या डाव्या कानाकडे बघत होती. शेवटी मांडलेले गिझर पुसायचं फडकं पुढे करून म्हणाली की कानात फेस आहे. फडकं अजून माझ्याकडेच आहे.

तेव्हापासून रोज एक नवी शंका घेऊन जातो. मनातलं मात्र बोलता येत नाही, मागे कुणीतरी मिक्सर बदलून मागत उभं असतं. पण त्या दुकानाची पद्धत अशी की जो विकतो तोच घरी येऊन भिंत मोजतो आणि गिझर कसा वापरायचा ते शिकवतो. म्हणजे आपण नवा घेतला की ती घरी येणार! आईला दिसेल, नानांना दिसेल, आणि मग मी बोलेन.

आडवे आलेत नाना. जन्मभर कोर्टाच्या दारात दुसऱ्यांच्या नावांचा पुकारा केला, आता निकाल द्यायची हौस आपल्यावर भागवतात. या नाही, पुढच्या रविवारी गिझरची सुनावणी आहे. रीत तीच, ज्याला वस्तू टाकायची त्याने तिची बाजू मांडायची आणि ज्याला ठेवायची त्याने तिच्याविरुद्ध बोलायचं. जिच्याबद्दल चांगला शब्द काढता येत नाही ती वस्तू टाकायचा माणसाला हक्क नाही, हे नानांचं म्हणणं तुला पाठ आहेच. तेव्हा गिझरचा वकील मी. आईला जुनाच हवाय, म्हणून ती नव्याच्या बाजूने. मी ठरवलंय की शक्य तितकं रद्दी बोलायचं. हरलो की जिंकलो.

लोभ आहे तो निदान कोमट तरी राहू दे.
तुझा धाकटा


ता. ९ डिसेंबर

चि. तडतड्यास,
अनेक आशीर्वाद. आधी कान पूस, मग वाच.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेऊन ते गंभीरपणे म्हणाले की त्यांच्या ओळखीचा एक जण जुने गिझर फार छान दुरुस्त करतो. मी त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

अरे, तू मुद्दाम हरणार? तू? सरांनी तुझ्या शेजारी बसणाऱ्याला गाढव म्हटलं म्हणून तू कॉलेज सोडलंस. त्या गाढवाने सोडलं नाही, तो पास झाला. तुझ्यादेखत कुणी कुणाला काही बोललं की तुझं डोकं जागेवर राहत नाही, हे मी तू चालायला लागल्यापासून बघतेय. आईलाही ते चांगलं ठाऊक आहे. आईला कमी लेखू नकोस.

आणि माझं कपाट आठव. मलाही ते टाकायचंच होतं. त्याची बाजू मांडता मांडता मी इतकी छान बोलले की नानांनी ते ठेवलं, आणि जिंकेल त्याने सांभाळायचं म्हणून माझ्याबरोबर सासरी पाठवलं. आत्ता त्याच्याच आधाराने लिहितेय. दार अजून लागत नाही, खुर्ची लावून ठेवावी लागते.

तेव्हा रविवारी जीभ दाताखाली धर. गिझरला कुणी काहीही बोलो. तो लोखंडाचा आहे, त्याला वाईट वाटत नाही.

माया आहे, ती अशीच राहील. अक्कल मात्र तुझी तूच आण.
ताई


ता. १७ डिसेंबर

ती. ताईस,
नमस्कार. साष्टांग घालायचं त्राण नाही.

वि. वि. मी जिंकलो. सगळं संपलं.

गिझर भिंतीवरून उतरवून बैठकीत स्टुलावर ठेवला होता, खाली घडी घातलेला टॉवेल. नानांनी दारात जाऊन जिन्यात त्याच्या नावाचा पुकारा केला, मग घाईघाईने आत येऊन खुर्चीत बसले आणि तो हजर आहे असं स्वतःलाच कळवलं. प्रेक्षकांत शिंपी. आईने तिची साक्षीदार बोलावली. आणि ताई, ती आली! दुकानाचा निळा कोट, हातात मोजायची टेप. माझ्याकडे बघून हसली. जे हवं होतं ते झालं, फक्त समोरच्या बाजूने झालं.

नानांनी विचारलं की वकील साक्षीदाराला ओळखतो का. ओळखत असेल तर त्याला उठवून शिंप्याला बसवणार होते. शिंपी सगळ्यांबद्दल चांगलंच बोलतो, तो बसला असता तर जुना गिझर ठेवलाच म्हणून समज. म्हणून मी सांगितलं की या बाईंना मी आयुष्यात पाहिलेलं नाही. तिने टेप खिशात घातली.

तिने साक्ष दिली की टाकी आतून सडलीय, कॉईलवर क्षारांचा थर आहे, थर्मोस्टॅट अडकतो. मी मुकाट्याने ऐकत होतो. दाताखाली जीभ होती, शपथ. तेवढ्यात आई गिझरकडे बोट दाखवून म्हणाली की हे कळकट, खोटारडं डबडं भंगारवालासुद्धा नेणार नाही. आणि साक्षीदाराने मान डोलावली.

खोटारडं? आपल्या गिझरला? मी उठलो तो बसलोच नाही. दुकानात तिने सांगितलेलं वाक्य न् वाक्य मला पाठ होतं, ते सगळं तिच्यावरच उलटवलं. विचारलं की क्षार पाण्यात असतात की गिझरच्या स्वभावात. जुन्या टाक्यांचा पत्रा जाड असतो हे खरं की खोटं. अडकला थर्मोस्टॅट, माणसं अडकत नाहीत का. तुझ्या परीक्षांच्या पहाटे, आईच्या कंबरदुखीत, नानांच्या त्या सर्दीत भिंतीला लटकून कोण उभं राहिलं, हेही विचारलं. शिंप्याने रडायला सुरुवात केली. नानांनी चष्मा पुसला. आईने मला डोळा मारला. सख्ख्या आईने!

निकाल असा की दुरुस्ती करावी आणि गिझर वकिलाने सांभाळावा. नवी कॉईल बसली. एवढ्या जुन्या गिझरचा थर्मोस्टॅट कुठे मिळत नाही, म्हणून तो आपण होऊन बंद होत नाही. त्याचा सूर बदलला की बटण बंद करायचं, त्यासाठी रोज सकाळी मी बाथरूमबाहेर स्टुलावर.

काल दुपारी शंका घेऊन दुकानात गेलो. ती म्हणाली की अनोळखी लोकांच्या शंका पलीकडचा काउंटर बघतो. हरली म्हणून रागावलीय. मी अपील करणार आहे. या वेळी नव्याच्या बाजूने इतकं बोलेन की नाना स्वतः जाऊन गिझर घेऊन येतील.

लोभ असेल तर अपिलाचे मुद्दे पाठव.
तुझा जिंकलेला धाकटा


ता. २४ डिसेंबर

चि. तडतड्यास,
आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

अपील केलंस तर याद राख. आईचं पत्र आलंय. आधी तिने डोळा मारल्याबद्दल दोन पानं स्वतःचं कौतुक केलंय, ते सोड. पुढचं नीट वाच.

सुनावणीनंतर तुझी दुकानातली ती खाली उतरायला लागली, तेव्हा आई तिच्यामागे गेली. जिन्यात तिने आईला विचारलं की तुमचा मुलगा सगळ्याच बाबतीत असा आहे का फक्त गिझरच्या. आईने सांगितलं की सगळ्याच. त्यावर ती हसली आणि म्हणाली की दिवसभर ती गिऱ्हाइकांना तेच तेच सांगते, लोक माना हलवतात आणि किंमत विचारतात. एवढं कान देऊन तिचं कुणी ऐकलं नव्हतं, तोंडपाठ तर लांबच राहिलं. हरल्याचं तिला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं, उलट मजाच आली. पण मग आईला म्हणाली की रोज येऊन तासभर उभा राहणारा माणूस तुमच्यासमोर मला ओळखत नाही म्हणाला. एवढं बोलून उतरून गेली.

आता कळलं का, वकीलसाहेब? तुला वाटतं भांडण गिझरचं आहे. नवा गिझर, जुना गिझर, याच्याशी तिला देणंघेणं नाही. तुला चार माणसांत तिची ओळख सांगायची लाज वाटली, एवढंच तिला दिसलं. ती घरात आली की बोलेन म्हणत होतास ना? घरात आली होती.

हे विचारताहेत की दुरुस्तीवाल्याचा पत्ता पाठवू का. नको म्हणून कळव.

जीव आहे म्हणून रागावते, हे विसरू नकोस.
ताई


ता. २९ डिसेंबर

ती. ताईस,
नमस्कार, घाईत.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. स्टुलावर बसून वाचलं, दोनदा. मला लाज वाटली नव्हती गं. मला फक्त हरायचं होतं. पण हे तिला कोण सांगणार, शिंपी?

आधी बटण बंद केलं. मग बाथरूमच्या दारावर थाप मारून नानांना सांगितलं की मी साक्षीदाराला ओळखतो, सुनावणीच्या आधीपासून, चांगलाच ओळखतो, आणि मी खोटं बोललो. आत तांब्या थांबला. मग नाना शांतपणे म्हणाले की असं असेल तर निकाल रद्द, सुनावणी पहिल्यापासून, आणि तोवर गिझरला वकील नाही. मी म्हटलं की शिंप्याला नेमा. शिंपी जिन्यात होता, तो लगेच हो म्हणाला.

आवाज ऐकून आई आली. तिने मला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः बसली. विचारलं की दुकानात जाऊन काय सांगणार. मी म्हटलं की आधी एवढंच, की मी तिला ओळखतो, आणि मागे मिक्सरवाले असतील तर त्यांच्यादेखत. पुढचं सुचलेलं नाही. आई म्हणाली की पुढचं न सुचलेलंच बरं, आणि तिथे कुणाशी भांडू नकोस.

अक्षर लावून वाच. हे पत्र आई पेटीत टाकेल, लोभाचं काय लिहायचं तेही तीच लिहील. नाना आतून विचारताहेत की आता पाणी कोण तापवणार. सगळेच एकदम उत्तरं देताहेत.

मी चपला घातल्या. निघालो. दार ओढून घेतोय.